साइट गूगलवर का दिसत नाही : नागपूरच्या वेबसाइटांच्या दुखण्यांमागचा तीस वर्षांचा इतिहास

नागपुरात वेबसाइटचं काम करणाऱ्याकडे येणारी तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्याची असते: "आमची साइट गूगलवर येतच नाही." इतवारीतला कापडाचा व्यापारी, वर्धा रोडवरच्या लग्नाच्या लॉनचा मालक, ताडोबाच्या सफारी बुक करून देणारा टूरवाला, सगळे हेच सांगतात. पण या वाक्यात तीन निरनिराळी दुखणी असतात. कुणाची साइट गूगलच्या इंडेक्समध्ये, म्हणजे त्याने जमवलेल्या पानांच्या यादीत, शिरलेलीच नसते. कुणाची शिरलेली असते, पण चौथ्या-पाचव्या पानावर पडून असते. कुणाची कालपरवापर्यंत वर होती आणि एकाएकी खाली घसरलेली असते.

माझं मत असं, की उपायाला हात घालण्याआधी साइटचं वय काढावं. कधी बांधली, कुणी बांधली, मधे काय काय बदललं, हे मालकाला विचारावं. आज दोष म्हणून जे सापडतं, ते पुष्कळदा त्या त्या वर्षी पैसे मोजून, रीतसर करून घेतलेलं काम असतं. नियम बदलले, साइट तशीच राहिली.

यातली सगळ्यात जुनी गाठ 1994 सालची. त्या काळी सर्व्हर दुबळे होते आणि पानं गोळा करत फिरणारे प्रोग्राम, म्हणजे बॉट, एखाद्या साइटवर तुटून पडले की ती बसायची. मार्टाइन कॉस्टर यांनी तोडगा सुचवला: साइटवर रोबोट्स डॉट टीएक्सटी नावाची एक साधी फाइल ठेवायची आणि कुठे यायचं, कुठे यायचं नाही, ते तिच्यात लिहायचं. ही पद्धत 28 वर्षं निव्वळ सामंजस्यावर चालली. सप्टेंबर 2022 मध्ये ती आरएफसी 9309 या क्रमांकाने इंटरनेटच्या लेखी मानकांत आली.

ही फाइल बॉटला पान वाचू देत नाही, एवढंच तिचं काम. पान इंडेक्समध्ये येणं ती थांबवत नाही. दुसऱ्या साइटवरून त्या पानाला लिंक असेल, तर गूगल ते न वाचता नुसत्या पत्त्यानिशी दाखवू शकतं. पान खरंच काढायचं असेल तर त्या पानात 'नोइंडेक्स' टॅग लावावा लागतो, आणि तो टॅग दिसायला बॉटला आत येऊ द्यावं लागतं. दोन्ही बंदोबस्त एकदम केले की टॅग कुणी वाचतच नाही.

साइट बांधायला वापरल्या जाणाऱ्या वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये 'रीडिंग' या पानावर सर्च इंजिनांना मनाई करणारी एक चौकट आहे. साइट तयार होत असताना डेव्हलपर तिथे टिक करतो, आणि ते योग्यच आहे. मग साइट सुरू होते, व्हिजिटिंग कार्डावर तिचा पत्ता छापला जातो, आणि टिक तशीच राहते. नोव्हेंबर 2019 मध्ये आलेल्या 5.3 आवृत्तीच्या आधी ही टिक रोबोट्सच्या फाइलमधून काम करायची. तेव्हापासून ती पानात नोइंडेक्स लावते. त्यामुळे जुनं ट्युटोरियल पाहून फक्त ती फाइल तपासणाऱ्याला सगळं ठीक दिसतं, आणि साइट मात्र गायबच. गूगलच्या सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या मोफत साधनात 'यूआरएल इन्स्पेक्शन'ला पानाचा पत्ता दिला की कारण सरळ लिहून येतं. हे पहिलं पाऊल टाकायच्या आधी एसइओच्या, म्हणजे साइट शोधात वर आणण्याच्या, पॅकेजवर कुणी पैसे खर्च करू नयेत.

मराठी साइटांचं दुखणं मात्र आपलं स्वतःचं आहे, आणि त्यावर फार कमी लिहिलं जातं. 15 ऑगस्ट 1995 ला व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. देवनागरी तोवर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरावीक संकेत देणाऱ्या पद्धतीत, आली होती, 1991 च्या पहिल्याच आवृत्तीत. पण विंडोजवर ती नीट चालायला विंडोज 2000 यावं लागलं, आणि दुकानातल्या जुन्या संगणकांपर्यंत पोचायला त्यानंतरही बरीच वर्षं गेली. दरम्यान डीटीपीच्या दुकानांत शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी या फॉन्टांवर काम जोरात चालू होतं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, स्मरणिका सगळं त्यातच, आणि वेबसाइटचा मजकूरही त्याच फाइलींतून उचलला गेला.

या फॉन्टांमध्ये पडद्यावर 'संत्री' दिसत असलं तरी फाइलमध्ये असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. त्यांना देवनागरीचं रूप देतो तो फॉन्ट. छापलेल्या पत्रिकेला याने काही बिघडत नाही, कारण ती डोळ्यांनी वाचायची असते. सर्च इंजिन फाइलमधली अक्षरं वाचतं, आणि त्या अक्षरांत संत्री कुठेच नसतात. मजकूर मराठी, वाचणारा मराठी, शोधणाराही मराठी, आणि मधे अर्थ नसलेल्या रोमन अक्षरांची रांग, अशी ही अवस्था होती. जुन्या संस्थांच्या साइटांवर ती अजून सापडते. ओळखायची रीत अगदी सोपी. पानावरची एक ओळ सिलेक्ट करा, कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. मराठी मराठीच राहिली तर युनिकोड आहे. रोमन अक्षरं आणि कंसांचा काला झाला तर फॉन्टचा घोटाळा आहे. आणि काही सिलेक्टच होत नसेल, तर ते चित्र आहे.

चित्रांची सवय याच अडचणीतून लागली. समोरच्याच्या संगणकात आपला फॉन्ट नसला तर मजकूर वाचता येत नसे, म्हणून मजकुराचं चित्र करून लावायचं. त्या काळात तो शहाणपणाचाच मार्ग होता. फॉन्टची अडचण केव्हाच संपली, पण सवय गेली नाही. सावजी भोजनालयाचं मेनूकार्ड, क्लासेसचं फीपत्रक, मंगल कार्यालयाचे दर, सगळं आजही रंगीत पोस्टर करून साइटवर चढवलं जातं. महत्त्वाचा मजकूर चित्रात घालू नका, असं गूगल स्वतः सांगतं. पोस्टर ठेवावं, पण त्यातला प्रत्येक शब्द खाली टाइप करूनही द्यावा. जुना मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणता येतो. फक्त रफार, जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी माणसाने डोळ्यांखालून घालायलाच हवी, कारण नेमकी तिथेच गडबड होते. या कामात वेळ जातो, पण मराठी साइटसाठी याहून मोलाचं काम मला दुसरं दिसत नाही.

आता लिंक आणि कीवर्डकडे. डिसेंबर 1995 मध्ये अल्टाव्हिस्टा सुरू झालं, तेव्हा सर्च इंजिनं मुख्यतः पानावरचे शब्द पाहायची. मग लोकांनी पानाच्या तळाशी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत कीवर्ड कोंबले. 1998 मध्ये लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्डमधून पेजरँक मांडला: ज्या पानाला इतर चांगली पानं लिंक देतात, त्याचं वजन जास्त. मग लिंकचाच बाजार भरला. गूगलच्या क्रमवारीतल्या दोन बदलांपैकी फेब्रुवारी 2011 च्या पांडाने पोकळ मजकुरावर आणि 24 एप्रिल 2012 च्या पेंग्विनने विकत घेतलेल्या लिंकांवर गदा आणली. ऑक्टोबर 2012 मध्ये नको असलेल्या लिंका नाकारायचं 'डिसअव्हाउ' साधन आलं. सप्टेंबर 2016 पासून पेंग्विन मुख्य अल्गोरिदममध्येच सामावला, आणि रद्दी लिंकांना शिक्षा देण्यापेक्षा त्या मोजायच्याच नाहीत, अशी रीत पडली.

एवढी वर्षं लोटली तरी कोटेशनमध्ये आजही 'मेटा कीवर्ड' आणि 'डिरेक्टरी सबमिशन' यांच्या ओळी दिसतात. कीवर्डचा मेटा टॅग, म्हणजे पानाच्या कोडमध्ये लपवलेली शब्दांची यादी, वेब सर्चच्या रँकिंगमध्ये धरत नाही, हे गूगलने सप्टेंबर 2009 मध्येच जाहीर केलं होतं. ज्या कोटेशनमध्ये ही ओळ असेल, त्याचे पैसे देऊ नयेत. जुन्या विकत घेतलेल्या लिंकांचं भय घालून 'सफाई' विकणारेही भेटतात. आधी सर्च कन्सोलमध्ये 'मॅन्युअल अ‍ॅक्शन्स' उघडून पाहावं. तिथे गूगलने केलेली कारवाई नोंदलेली नसेल, तर बहुतेक मालकांना त्या सफाईची गरज नसते.

नागपुरात जास्त आढळणारा दोष वस्तीनिहाय पानांचा आहे. एसी दुरुस्ती किंवा पॅकर्स-मूव्हर्सच्या साइटवर धरमपेठ, सदर, मानेवाडा, मनीषनगर, हिंगणा अशी प्रत्येक वस्तीची वेगळी पानं असतात. मजकूर तोच, नाव तेवढं बदललेलं. एके काळी ही युक्ती चालायची. मार्च 2015 मध्ये गूगलने अशा 'डोअरवे' पानांविरुद्ध खास बदल आणला. अशी पानं एकत्र करून सेवेचं एकच भरीव पान करावं. वेगळं पान हवंच असेल, तर त्यात त्या वस्तीचं खरोखर काही असावं: तिथे केलेल्या कामाचे फोटो, तिथला वेगळा दर, तिथे पोचायला लागणारा वेळ.

साइट नवी केली आणि गूगलवरून गेली, ही तक्रार एचटीटीपीएसच्या, म्हणजे सुरक्षित जोडणीच्या, लाटेत वाढली. ऑगस्ट 2014 मध्ये गूगलने सुरक्षित जोडणीला रँकिंगमध्ये हलकं वजन दिलं. डिसेंबर 2015 पासून या जोडणीसाठी लागणारी लेट्स एन्क्रिप्टची मोफत प्रमाणपत्रं सगळ्यांसाठी खुली झाली, आणि जुलै 2018 मध्ये क्रोमच्या 68 व्या आवृत्तीने साध्या एचटीटीपी साइटांवर 'सुरक्षित नाही' असा शिक्का मारायला सुरुवात केली. ग्राहक विचारू लागले तशा घाईघाईने साइटा बदलल्या गेल्या, त्याच झपाट्यात डिझाइनही नवं झालं, आणि जुन्या पानांचे पत्ते मोडले. अशा वेळी जुना प्रत्येक पत्ता त्याच विषयाच्या नव्या पत्त्याकडे 301 रीडायरेक्टने, म्हणजे कायमच्या आपोआप वळवणीने, न्यावा लागतो. सगळे पत्ते होमपेजकडे वळवून भागत नाही. एकच पान दोन-तीन पत्त्यांवर उघडत असेल, तर त्यासाठी फेब्रुवारी 2009 मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टने मिळून आणलेला, मूळ पत्ता कोणता ते सांगणारा 'कॅनॉनिकल' टॅग आहे.

मोबाइलचं थोडक्यात सांगतो. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं आणि ग्राहक फोनवरच शोधू लागला. नोव्हेंबर 2016 मध्ये गूगलने जाहीर केलं, की यापुढे साइटचं मोबाइलवरचं रूपच प्रमाण मानलं जाईल. ते स्थलांतर ऑक्टोबर 2023 मध्ये पुरं झालं. डेस्कटॉपवर आहे आणि मोबाइलवर वगळलंय, असं जे काही असेल ते गूगलच्या लेखी नाहीच. वेगाचा निकष असा, की पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा. लॉनच्या साइटांवर फोटोग्राफरने दिलेले मूळ आकाराचे फोटो जसेच्या तसे चढवलेले असतात. ते लहान केले तरी निम्मं काम होतं.

छोट्या दुकानदारांना बसलेला सगळ्यात मोठा फटका अगदी अलीकडचा. दुकानाची माहिती गूगलवर दाखवणारं गूगल माय बिझनेस जून 2014 मध्ये आलं. नोव्हेंबर 2021 पासून त्याचं नाव बिझनेस प्रोफाइल झालं. त्यातून काही मिनिटांत फुकट साइट तयार व्हायची, पत्त्याच्या शेवटी 'बिझनेस डॉट साइट' असायचं. ज्यांना डोमेन आणि होस्टिंगचा खर्च झेपत नव्हता, त्यांच्यासाठी ही मोठी सोय होती. मार्च 2024 मध्ये गूगलने या साइटा बंद केल्या. 10 जूनपर्यंत तो पत्ता प्रोफाइलकडे नेत राहिला, मग तेही थांबलं. दुकानाच्या पाटीवर, पिशवीवर, बिलावर मात्र तोच मेलेला पत्ता छापलेला आहे. अशा मालकाने स्वतःच्या नावावर डोमेन घ्यावं, डेव्हलपरच्या नावावर नको, आणि प्रोफाइलमधला साइटचा रकाना लगेच बदलावा. पत्ता लिहिताना सीताबर्डीसोबत मजकुरात तिचं बोलीतलं नाव बर्डीही येऊ द्यावं, कारण लोक बोलतात तेच टाइप करतात.

उरली एकाएकी घसरलेली साइट. मार्च 2024 मध्ये गूगलने 'हेल्पफुल कंटेंट'ची कसोटी, जी ऑगस्ट 2022 मध्ये वेगळी आली होती, मुख्य अल्गोरिदममध्ये मिसळली. ऑगस्ट 2024 पासून भारतात शोधाच्या वर एआयने लिहिलेली उत्तरं दिसू लागली. त्यामुळे घसरण पाहताना सर्च कन्सोलमधले दोन आकडे वेगळे वाचावेत. इम्प्रेशन (पान शोधात किती वेळा दिसलं) तेवढेच आणि क्लिक कमी, तर पान दिसतंय पण लोक आत येत नाहीत. तिथे शीर्षक, वर्णन आणि वर दिसणारं एआयचं उत्तर पाहावं. दोन्ही एकाच दिवसापासून पडले असतील, तर ती तारीख गूगलच्या सर्च स्टेटस डॅशबोर्डवरच्या अपडेटच्या तारखांशी ताडून पाहावी, आणि त्याच सुमारास साइटवर आपण काय बदललं तेही. सर्च कन्सोल 16 महिन्यांचा डेटा ठेवतं, त्याचा पुरेपूर उपयोग करावा. लॉनचा शोध लग्नसराईवर चालतो आणि सफारीचा पार्क उघडण्या-मिटण्यावर. म्हणून मागच्या महिन्याशी तुलना न करता मागच्या वर्षीच्या त्याच आठवड्यांशी करावी.