पॅनमधले उंदीर आणि न आठवणारी रात्र

१९७० साली अमेरिकेतल्या डोनाल्ड गुडविन या मानसोपचारतज्ज्ञाने एक विचित्र प्रयोग प्रसिद्ध केला. दारूचं व्यसन असलेल्या दहा पुरुषांना चार तासांत सुमारे अर्धा लिटर बर्बन (अमेरिकन व्हिस्की) पाजली. मग झाकलेलं फ्राइंग पॅन पुढे धरून विचारलं, "भूक लागलीये का?" झाकण काढलं तर आत मेलेले उंदीर! दोन मिनिटांनी विचारलं तर उंदीर बहुतेकांच्या लक्षात होते. अर्ध्या तासाने मात्र काहींना ते अजिबात आठवेनात, दुसऱ्या दिवशीही नाहीत.

म्हणजे ही माणसं बेशुद्ध नव्हती. पाहत होती, उत्तरं देत होती. त्यातलं पक्कं काहीच होत नव्हतं. आठवणी पक्क्या करण्याचं काम मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाचं. त्यासाठी ग्लुटामेट हे रसायन पेशींवरच्या एनएमडीए नावाच्या ग्राहींना (रसायनांचा संदेश पकडणाऱ्या रेणूंना) जागं करतं, आणि दारू नेमकी त्यांनाच दाबते. जे नोंदलंच गेलं नाही, ते दुसऱ्या दिवशी कितीही डोकं खाजवलं तरी कुठून आठवणार? "सोयीस्कर विसरतो" हा घरच्यांचा आरोप म्हणूनच दर वेळी खरा नसतो. (काही वेळा असतोच, ते सोडा.)

किती प्यायली यापेक्षा किती भराभर प्यायली, हे इथे जास्त महत्त्वाचं. रिकाम्या पोटी पेगवर पेग मारले की रक्तातली पातळी झपाट्याने चढते, आणि ब्लॅकआउटचा, म्हणजे शुद्धीत असूनही नंतर काहीच न आठवण्याचा, धोकाही.

मूडची गोष्टही मेंदूतल्या रसायनांचीच. दारू गाबा या शांतवणाऱ्या रसायनाचा प्रभाव वाढवते, म्हणून भीड चेपते, जीभ सुटते. सोबत डोपामिन आणि एंडॉर्फिन ही सुखावणारी रसायनं वाढतात, त्यामुळे मजा वाटते. पण मेंदू गप्प बसत नाही. ब्रेक दाबलेल्या गाडीला पुढे ढकलावं, तसा तो चेतवणाऱ्या ग्लुटामेटचा जोर वाढवत राहतो. दारू उतरते, ब्रेक सुटतो, जोर मात्र तसाच. पहाटे उगाच दचकून जाग येणं, छातीत धडधड, कारण नसताना वाटणारी धास्ती, यामागे बऱ्याच अंशी हेच असतं. त्या धास्तीवर सकाळी पुन्हा दारूचाच उतारा घेतला की चक्र सुरू.

वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याच्या मेंदूत हा उलटा जोर इतका वाढलेला असतो, की त्याने एकदम दारू सोडली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, क्वचित जीवही जातो. अशा माणसाची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं देऊनच सोडवतात.