मेडिकेडचे दर बदलताना हरकत कोण, कशी आणि कधी नोंदवू शकतो?

अमेरिकेत क्लिनिक, फार्मसी किंवा होम केअर एजन्सी चालवणाऱ्या मराठी मंडळींना एक प्रश्न हमखास पडतो. मेडिकेडचा, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचा, सेवेमागे मिळणारा दर कमी झाला, पण नियमबदलाचा मसुदा कुठे दिसला कसा नाही? काही राज्यांत तशी गरजच नसते. राज्याच्या मेडिकेड खात्याने नियम करायचा तर आधी मसुदा, मग हरकती-सूचना, सुनावणी आणि शेवटी अंतिम नियम, हा रीतसर रस्ता. या राज्यांनी दर त्यातून कायद्यानेच वगळलेत. बजेट मंजूर झाल्यावर दरासाठी महिनोन्‌महिने थांबायला नको, हा युक्तिवाद. खात्याची सोय होते हे खरं, पण झळ बसते ती लहान दवाखान्याला.

ही सूट राज्याच्या प्रक्रियेपुरतीच. दर ठरवण्याच्या पद्धतीत लक्षणीय बदल असेल तर फेडरल नियमावलीच्या ४२ सीएफआर ४४७.२०५ प्रमाणे जाहीर सूचना द्यावीच लागते. बदल काय, का, वर्षाचा एकूण खर्च किती वाढेल किंवा घटेल, मसुदा कुठे पाहायला मिळेल, लेखी हरकत कुठे पाठवायची, हे सगळं तिच्यात हवं. मेडिकेअरच्या (मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा केंद्रीय आरोग्य विमा) पद्धतीशी जुळवून घेणारा किंवा कोर्टाच्या आदेशाने होणारा बदल याला अपवाद.

खरी गोम मुदतीत आहे. सूचना बदल लागू होण्याआधी निघायला हवी, एवढंच हे कलम म्हणतं. किती दिवस आधी, ते सांगत नाही. म्हणजे ३० जूनला सूचना, १ जुलैपासून नवा दर आणि राज्याच्या मेडिकेड योजनेतल्या दुरुस्तीचा प्रस्ताव सीएमएसकडे (मेडिकेडवर देखरेख करणारी केंद्रीय संस्था) ३० सप्टेंबरला, हेही चालतं, कारण प्रस्ताव ज्या तिमाहीत जातो तिच्या पहिल्या तारखेपासून दर लागू करता येतो. पुढे निर्णयासाठी सीएमएसला ९० दिवस; जादा माहिती मागवली की घड्याळ थांबतं. तोवर बिलं मात्र येतच राहतात!

हरकत कोणीही घेऊ शकतं: डॉक्टर, पेशंट, नातेवाईक, संघटना. वकील लागत नाही. पत्रात सूचनेची तारीख, तुमचा एनपीआय (सेवा देणाऱ्याचा राष्ट्रीय ओळख क्रमांक) आणि मेडिकेड प्रोव्हायडर नंबर, सेवेचा कोड, जुना-नवा दर आणि त्या सेवेला तुम्हाला येणारा खर्च लिहा. ‘परवडत नाही’ एवढ्याने भागत नाही. नवे मेडिकेड पेशंट घेणं थांबवावं लागेल का, अपॉइंटमेंट किती आठवड्यांवर जाईल, ते आकड्यांत मांडा. पेशंटची नावं अजिबात नकोत.

कपात असेल तर २०२४च्या फेडरल नियमातल्या तीन कसोट्या पाहा: कपातीनंतरही त्या प्रकारच्या सेवांचे एकूण दर मेडिकेअरच्या किमान ८० टक्के राहतात का, वर्षातली कपात ४ टक्क्यांच्या आत आहे का, आणि सेवा मिळण्याबद्दल गंभीर तक्रारी आल्या का. तिसऱ्या कसोटीमुळे तुमच्या पत्राला वजन येतं. एकही कसोटी चुकली तर राज्याला सविस्तर विश्लेषण द्यावं लागतं.

इस्पितळं आणि नर्सिंग होमना थोडं जास्त संरक्षण आहे: प्रस्तावित दर आणि त्यामागची कारणं दोन्ही प्रसिद्ध करावी लागतात. कोर्टाची वाट अवघड. २०१५च्या आर्मस्ट्राँग खटल्यात सुप्रीम कोर्टाने दर अपुरे आहेत म्हणून सेवा देणाऱ्यांना मेडिकेड कायद्याखाली दावा लावू दिला नाही.

तुमचे पेशंट मॅनेज्ड केअर प्लॅनमधले (राज्याने विमा कंपनीकडे सोपवलेले) असतील तर मात्र तुमचा दर प्लॅनशी झालेल्या करारात असतो; तिथे करार काढूनच वाचा. बाकीच्यांनी राज्याच्या मेडिकेड खात्याच्या सूचनांचे ईमेल सुरू करून घ्या. जूनच्या शेवटच्या आठवड्यात तर रोज उघडून पाहा.