डोंगरातली वही आणि स्टुडिओतला कॅनव्हास

१८२५ साली थॉमस कोल हडसन नदीच्या काठाने कॅटस्किलच्या डोंगरांत गेला. मूळचा इंग्लंडचा, वय २४. परतल्यावर रंगवलेली त्याची तीन निसर्गचित्रं न्यू यॉर्कमध्ये विकली गेली आणि ती घेणारे तिघेही कलावंतच होते: जॉन ट्रम्बुल, विल्यम डनलॅप आणि अ‍ॅशर ड्युरँड. अमेरिकी निसर्गचित्रणाची कथा बहुतेकदा इथूनच सांगतात. मला मात्र त्या चित्रांहून कोलच्या वह्या जास्त जवळच्या वाटतात. डोंगरात त्याचा भर पेन्सिलीवर. कड्याची रेघ ओढायची आणि शेजारी रंग, सावली, उजेड शब्दांत टिपून ठेवायचा. १८३८ मध्ये त्याने ड्युरँडला कळवलं होतं की, देखावा पाहून आल्या आल्या त्याला तो रंगवणं साधत नाही. किरकोळ तपशिलांवर काळाचा पडदा पडू द्यावा लागतो.

ड्युरँडची वाट वेगळी. तो आधी एन्ग्रेव्हर, म्हणजे छपाईसाठी धातूच्या पत्र्यावर चित्र कोरणारा होता, बारीक रेघेत हात मुरलेला. तो तैलरंग घेऊन थेट रानात बसू लागला. शेवाळलेला खडक, बर्च झाडाचा बुंधा समोर पाहूनच रंगवायचा. साधनंही बदलत होती. पूर्वी तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशव्यांत भरत. १८४१ मध्ये जॉन गॉफ रँड या अमेरिकी चित्रकाराने पत्र्याच्या दाबता येणाऱ्या ट्यूबचं पेटंट घेतलं. तरीही १८५५ साली नवशिक्यांसाठी छापलेल्या पत्रांत ड्युरँड बजावतो: आधी कागद-पेन्सिल घ्या, रंग नंतर. हा सल्ला मला आजही सोळा आणे पटतो.

१८५० च्या उन्हाळ्यात बेंजामिन चॅम्प्नी आणि जॉन केन्सेट हे चित्रकार न्यू हॅम्पशायर राज्यातल्या नॉर्थ कॉनवे गावात राहिले. मग दर उन्हाळ्यात तिथल्या कुरणांत चित्रकारांच्या पांढऱ्या छत्र्या दिसू लागल्या.

अमेरिकेच्या पश्चिम भागात रेखाटनांना निराळंच वजन आलं. १८७१ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ हेडनच्या सरकारी सर्वेक्षणात चित्रकार थॉमस मोरान यलोस्टोनला गेला. घोडेस्वारीची सवय नव्हती, म्हणून खोगिरावर उशी ठेवायचा. त्याची जलरंगचित्रं आणि विल्यम हेन्री जॅक्सनची छायाचित्रं काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या सदस्यांना दाखवण्यात आली. १ मार्च १८७२ रोजी यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान झालं. तिथल्या दरीचं मोरानचं सुमारे ७ बाय १२ फुटांचं तैलचित्र काँग्रेसने १०,००० डॉलरला घेतलं. ते त्याने परतल्यावर स्टुडिओत रंगवलं होतं, वेगवेगळ्या जागांवरून पाहिलेली दरी एकत्र जुळवून.