ओपनिंग (चित्रपट व्यवसाय)

चित्रपटाला पहिल्या दिवशी, आणि जरा सैल अर्थाने पहिल्या शुक्रवार ते रविवारी, मिळणारा गल्ला. हिंदी चित्रपट व्यवसायात ताऱ्याची पत मुख्यतः याच आकड्यावर मोजतात. पहिल्या दिवसाच्या सकाळच्या खेळाला सिनेमा कसा आहे हे कोणालाच ठाऊक नसते. लोक येतात ते नावावर, ट्रेलरवर आणि सणाच्या सुट्टीवर.

आकडा ग्रॉस, नेट की शेअर, हे आधी पाहावे. २३६ रुपयांचे पूर्ण तिकीट म्हणजे ग्रॉस. त्यात १८ टक्के जीएसटीचे ३६ रुपये जातात. उरलेले २०० म्हणजे नेट. २००९ मध्ये निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यातल्या संपानंतर जी वाटणी ठरली, तिच्याप्रमाणे वितरकाला नेटचे पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३० टक्के मिळतात. म्हणजे त्याच तिकिटाचे १००, ८५, ७५ आणि शेवटी ६० रुपये. हाच शेअर. सगळी घाई पहिल्या आठवड्याची का, ते यावरून कळते. पोस्टरवर मात्र बहुधा जगभरचा ग्रॉस झळकतो. कमाईचा सरकारी आकडा भारतात जाहीर होत नाही, त्यामुळे निर्मात्याचा आणि ट्रेडचा, म्हणजे व्यवसायावर नजर ठेवणाऱ्यांचा, आकडा जुळला नाही तर नवल नाही.

अपेक्षा किती ठेवायची हे प्रदर्शनाआधीच सौद्यात ठरते. हक्क सर्किटप्रमाणे, म्हणजे वितरणाच्या विभागांप्रमाणे, विकले जातात आणि त्यांच्या हद्दी अजून ब्रिटिशकालीन नकाशाच्या वळणाच्या आहेत: विदर्भ सीपी-बेरारमध्ये (जुना मध्य प्रांत आणि वऱ्हाड), मराठवाडा निजाममध्ये (जुने हैदराबाद संस्थान), तर उरलेल्या महाराष्ट्राचा बराचसा भाग गोवा-गुजरातसह मुंबई सर्किटमध्ये. मिनिमम गॅरंटीवर (एमजी), म्हणजे ठरलेली रक्कम आधीच देऊन घेतले तर तोटा वितरकाचा. अॅडव्हान्सवर घेतले तर न वसूल झालेली रक्कम परत मागता येते. वितरक फक्त कमिशनवर काम करत असेल तर जोखीम निर्मात्याकडेच राहते. मागचा सिनेमा चालला की ताऱ्याच्या पुढच्या सिनेमाची एमजी चढते. म्हणूनच ५० कोटींचा गल्ला एकाला हिट ठरवतो आणि दुसऱ्याला झोपवतो.

ओपनिंगचा खरेपणा सोमवारी कळतो. कामाच्या दिवशी शुक्रवारच्या निम्म्याहून जास्त गल्ला आला तर सिनेमा टिकला, असा ढोबळ हिशेब आहे. शुक्रवारी सुट्टी असेल तर तो लावू नये. आणखी एक फसगत ब्लॉक बुकिंगची: निर्माता किंवा एखादी कंपनी घाऊक तिकिटे घेते, अॅपवर खुर्च्या भरलेल्या दिसतात, सभागृहात माणूस नसतो. आकडा फुगतो, पण बाहेर जाऊन सिनेमाबद्दल बोलणारे प्रेक्षक त्यातून निर्माण होत नाहीत.

आमिर खानची उदाहरणे या बाबतीत बोलकी आहेत. ‘दंगल’ (२०१६) पहिल्या दिवशी सुमारे ३० कोटी नेटवर उघडला आणि देशात ३८० कोटींच्या पुढे गेला, म्हणजे ओपनिंगच्या जवळपास तेरा पट. ‘ठग्स ऑफ हिंदोस्तान’ने २०१८ च्या दिवाळीत पहिल्याच दिवशी ५० कोटी ओलांडले, तो तेव्हाचा हिंदी विक्रम होता, एकूण कमाई मात्र १५० कोटींच्या आसपास अडकली, पट जेमतेम तीन. आमिरने अपयशाची जबाबदारी जाहीरपणे घेतली. पुढचा ‘लाल सिंग चढ्ढा’ (२०२२) सुमारे १२ कोटींवर उघडला. मधे कोविड येऊन गेला होता आणि बहिष्काराची हाकही होती, त्यामुळे सगळे खापर ‘ठग्स’वर फोडणे बरोबर नाही. २०२५ चा ‘सितारे जमीन पर’ जेमतेम ११ कोटींवर सुरू होऊन १६० कोटींपलीकडे गेला. नावाची ओढ आटली होती, सिनेमा चालला.

पत सांभाळण्याचा आणखी एक मार्ग नुकसानभरपाईचा. ‘बाबा’ (२००२) पडल्यावर रजनीकांतने आणि ‘ट्यूबलाइट’ (२०१७) पडल्यावर सलमान खानने वितरकांना पैसे परत दिले. एमजीत तोटा भरून देण्याचे बंधन नसते, पण पुढच्या सिनेमाचा भाव ठरवायला बहुधा तेच वितरक समोर बसतात.