सोलापुरातल्या मंडळ्या एक होणार म्हणजे नेमकं काय, जरा मागं जाऊन बघू

डिसेंबर जवळ आला की आमच्याकडं हा विषय निघतोच. नाताळच्या रॅलीची मीटिंग असते, सगळ्या मंडळ्यांचे, म्हणजे शहरातल्या सगळ्या चर्चेसचे, पाळक (पास्टर) एका टेबलाभोवती बसलेले असतात, चहा झालेला असतो आणि कुणीतरी म्हणतं, आता आपण सगळ्यांनी मिळून एक संस्था रजिस्टर करूया, सरकारदरबारी एक आवाज पाहिजे, मान्यता पाहिजे, आणि नुसती रॅली न काढता काहीतरी समाजकार्य पण करूया. सगळे माना हलवतात. जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरते, त्याच दिवसांत 18 ते 25 जानेवारी ख्रिस्ती ऐक्याचा प्रार्थना सप्ताह असतो, तिथं परत हाच विषय, आणि मग उन्हाळा लागला की गप्प. नवीन पोरं विचारतात की एवढं सोपं आहे तर होत का नाही. म्हणून हे लिहितोय, थोडं लांबणार आहे.

सुरुवात मिशनपासूनच करावी लागते. अमेरिकन मराठी मिशन मुंबईत 1813 ला आलं, नगरला 1831 ला, आणि सोलापुरात 1860 च्या दशकात. तोपर्यंत इथं रेल्वे आलेली होती, लष्कर होतं, पुढं 1877 ला जुनी मिल निघाली. त्या काळात मिशनऱ्यांनी आपसात एरिया वाटून घेतले होते, म्हणजे नगर, सोलापूर, वाई हा पट्टा अमेरिकन बोर्डाचा (अमेरिकन मराठी मिशन चालवणारी संस्था ती), कोल्हापूर, सांगली, मिरज प्रेस्बिटेरियन लोकांचा, पलीकडं बिदर-गुलबर्ग्याकडं मेथडिस्ट, सगळे प्रॉटेस्टंटांतलेच वेगवेगळे पंथ. एकमेकांच्या गावात शिरायचं नाही असा तो समझोता. त्यामुळं सोलापुरात बरीच वर्षं प्रॉटेस्टंट म्हटलं की मिशन कंपाउंड आणि कंपाउंड म्हटलं की एकच पंथ, असं होतं. कॅथलिक वेगळे, त्यांचा कारभार पुणे धर्मप्रांताकडं, तो आजही तसाच.

आता हे बोर्डवाले होते काँग्रिगेशनल. राजकारणातली काँग्रेस नव्हे! त्यांच्यात प्रत्येक मंडळी स्वतःचा मालक. पाळक कोण ठेवायचा, पैसा कुठं खर्च करायचा हे त्या मंडळीचे सभासद ठरवणार, वर कुणी साहेब नाही. सोलापूरच्या ख्रिस्ती माणसाच्या अंगात जो एक "आमचं आम्ही बघू" बाणा आहे ना, तो माझ्या मते इथून आलाय, आणि पुढच्या अर्ध्या भानगडी पण इथूनच आल्यात.

सेवेचं म्हणाल तर ती आधी आली, मान्यता वगैरे शब्द फार नंतरचे. 1876-77 चा दुष्काळ सोलापूर जिल्ह्यानं भयंकर सोसला, नंतर 1896-97 आणि 1899-1900 ला परत दोन. 1900 च्या सुमारास मिशनांच्या बोर्डिंगमध्ये जी अनाथ पोरं आली त्यातली बरीच दुष्काळाची होती, आमच्या कितीतरी घरांची वंशावळ तिथपर्यंत जाते आणि तिथं थांबते, कारण मागचं गाव कुठलं हे सांगायला कुणी उरलंच नव्हतं. मुलींची शाळा निघाली. बालवाडी चालवायचं ट्रेनिंग सोलापुरात मिशनच्या बायकांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच चालू केलं, त्याला हार्डिंगबाईंची शाळा म्हणत. कुष्ठरोग्यांसाठी काम होतं. आणि सेटलमेंट. आज आपण रिक्षावाल्याला "सेटलमेंट" म्हणतो आणि तो बरोबर नेऊन सोडतो, पण ती होती 1871 च्या क्रिमिनल ट्राइब्ज कायद्याच्या पोटातून निघालेली, तारेच्या कुंपणातली वसाहत, हजेरी दिल्याशिवाय बाहेर जायचं नाही अशी. काही काळ तिचं व्यवस्थापन अमेरिकन मराठी मिशनकडं होतं. ह्याचा अभिमान बाळगायचा की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही. शाळा, कामधंदा दिला हे खरं, पण कुंपणाची किल्ली पण आपल्याच हातात होती हे पण खरं. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा गेला आणि माणसं "विमुक्त" झाली.

एक होण्याची गोष्ट याच काळात समांतर चाललेली. 1924 ला काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन मिळून युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झालं, आपल्या मिशनच्या मंडळ्या त्यात गेल्या. 1929 पासून अजून मोठ्या ऐक्याची बोलणी. दक्षिणेत 1947 ला चर्च ऑफ साउथ इंडिया झालं सुद्धा, इकडं मात्र चाळीस वर्षं बोलणीच. शेवटी 29 नोव्हेंबर 1970, रविवार, नागपूरचं ऑल सेंट्स कॅथिड्रल, सहा चर्चेस मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया म्हणजे आपलं सीएनआय. अँग्लिकन, युनायटेड चर्च, बॅप्टिस्ट, ब्रदरन, ब्रिटिश परंपरेतले मेथडिस्ट आणि डिसायपल्स. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट चाळीस वर्षं बोलण्यात होते आणि अगदी शेवटच्या टप्प्यात बाहेर पडले. लग्नाच्या हॉलचा अॅडव्हान्स दिल्यावर नवरदेव फिरला असं आमच्या घरातले जुने लोक सांगायचे.

सीएनआयबरोबर मंडळ्यांवर बिशप आले. आजी 1970 ला मोठी बाई होती, तिला हे बिशप प्रकरण शेवटपर्यंत पटलं नाही. "आमच्याकडं पंच होते बाबा, हा बिशप म्हणजे काय कलेक्टर का?" असं विचारायची. हसायला येतं, पण बघा, एका माणसाच्या हयातीत तिची मंडळी स्वतंत्र होती ती युनायटेड चर्चच्या कौन्सिलखाली गेली, मग बिशपखाली गेली, आणि बाकं तीच, "उपासना संगीत" हे गाण्यांचं पुस्तक तेच, ना. वा. टिळकांची पदं तीच.

आता मुद्द्याची गोष्ट. ऐक्य झालं ते स्टेजवर झालं, आराधनेत झालं, ठरावात झालं. जमिनी मात्र वेगवेगळ्या जुन्या ट्रस्टांच्या नावावर. गुजरातेत ब्रदरन मंडळींच्या मिळकतीवरून भांडण कोर्टात गेलं, तिथंही आपलाच 1950 चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायदा लागू. 2005 ला सुप्रीम कोर्ट म्हणालं की हे दिवाणी कोर्टाचं काम नाही, विश्वस्त कायद्याखालच्या यंत्रणेकडं जा. मग ते परत फिरून 2013 ला सुप्रीम कोर्टात आलं आणि निकाल लागला की नुसता एक होण्याचा ठराव केला म्हणून जुनी सोसायटी आपोआप विलीन होत नाही, तिची मिळकत पण जात नाही. 1860 च्या सोसायटी कायद्यात विलीनीकरणाला तीन पंचमांश सभासदांची मतं लागतात, महिन्याच्या अंतरानं दुसरी सभा घेऊन परत तेवढीच मतं लागतात, विसर्जनाला पण तीन पंचमांश, आणि ट्रस्टच्या नोंदी बदलायच्या त्या वेगळ्या. त्रेचाळीस वर्षांनी कळलं की पेपर झालेलेच नव्हते. आमच्या मीटिंगमध्ये कुणी "ठराव घ्या, झालं" म्हणालं की मला हाच निकाल आठवतो.

आणि "सरकारी मान्यता" हा शब्द पण जरा सोडवून घेऊ, कारण व्हॉट्सअॅपवर "आमचे चर्च शासनमान्य" असले बॅनर फिरत असतात. भारतात सरकार कुठल्या चर्चला चर्च म्हणून मान्यता देत नाही, तसं खातंच नाही. वेगवेगळे कागद असतात आणि लोक सगळ्यांना मिळून मान्यता म्हणतात. पहिला म्हणजे संस्थेची नोंदणी. सात माणसं असली की 1860 च्या कायद्याखाली सोसायटी होते, महाराष्ट्रात तीच परत विश्वस्त कायद्याखाली नोंदवतात, मग तो "एफ" नंबर मिळतो, दरवर्षी ऑडिट, विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, जमीन विकायची तर कमिशनरची परवानगी.

दुसरा अल्पसंख्याक दर्जा. तो समाजाला आहे, चर्चला नाही. 1992 चा राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगाचा कायदा, आणि 23 ऑक्टोबर 1993 ला मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, पारशी असे पाच समाज अधिसूचित झाले, जैन 2014 ला. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात आपण 10 लाख 80 हजार, म्हणजे शंभरात एक पण धड नाही. शाळा चालवायची तर घटनेचं कलम 30, आणि 2002 च्या अकरा न्यायमूर्तींच्या निकालानंतर धर्मानं किंवा भाषेनं अल्पसंख्याक कोण हे राज्यनिहाय ठरतं. सोलापूरकराला हे समजावून सांगावं लागत नाही खरं तर, तेलुगू, कन्नड, उर्दू शाळा बघतच आपण मोठे झालो.

तिसरा कागद लग्नाचा, आणि इथं लोक खरे अडकतात. 1872 चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा. बिशपकडून दीक्षा मिळालेल्या पाळकाला त्या कायद्यानंच लग्न लावता येतं, बाकीच्या पाळकांना राज्य सरकारचं लायसन्स लागतं. गेल्या तीसेक वर्षांत सोलापुरात हॉलमध्ये, घरांत, पत्र्याच्या शेडमध्ये कितीतरी स्वतंत्र मंडळ्या उभ्या राहिल्या, मिशनचा तो जुना वाटपाचा समझोता स्वातंत्र्यानंतर कुणी पाळला नाही, पाळायचं कारण पण नव्हतं. तिथले पास्टर मनापासून काम करतात, रात्री दोनला फोन करा, दवाखान्यात येतील. पण लायसन्स? माझ्या मामेबहिणीचं लग्न असंच झालं, मांडव, केक, दोनशे माणसं, पास्टरांनी सुंदर प्रवचन दिलं, आणि पुढं पासपोर्टसाठी विवाहाचा दाखला मागितला तेव्हा कळलं की त्या लग्नाची नोंदच कुठं होऊ शकत नाही. मग दोघांनी स्पेशल मॅरेज कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस लावून परत लग्न केलं, मुलगी तेव्हा दीड वर्षाची होती, ती साक्षीदारांच्या मांडीवर बसून पेढा खात होती. आम्ही आता हसतो, त्या दिवशी मामी रडली होती.

म्हणून छोट्या मंडळ्यांना एकत्र यायचंय ते मुख्यतः ह्यासाठी. मोठ्या चर्चला ऐक्य म्हणजे धर्मशास्त्र, छोट्या पास्टरला ऐक्य म्हणजे लायसन्स, दफनासाठी जागा, आणि प्रार्थना चालू असताना कुणी येऊन "परवानगी आहे का" म्हणालं तर दाखवायला एक लेटरहेड. कमी लेखू नका याला.

चौथी गोष्ट बोलायला लोक कचरतात. 1950 च्या अनुसूचित जाती आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदानं अनुसूचित जातींचं आरक्षण हिंदूंपुरतं ठेवलं, 1956 ला शीख आणि 1990 ला बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आणि मुस्लिम बाहेरच. रंगनाथ मिश्रा आयोगानं 2007 ला ही अट काढा म्हणून सांगितलं, सुप्रीम कोर्टात 2004 पासून याचिका आहे, 2022 च्या ऑक्टोबरात बालकृष्णन आयोग नेमला, त्याला मुदतवाढ पण मिळाली. याचा परिणाम आपल्या बाकांवर दिसतो. दर रविवारी येणारा माणूस कागदावर दुसराच असतो, शाळेच्या दाखल्यावर वेगळं, बाप्तिस्म्याच्या रजिस्टरवर वेगळं. अशा माणसाला तुम्ही म्हणता आमच्या संस्थेचा सभासद हो, फॉर्मवर सही कर, आधार जोड. तो मागच्या मागं निघून जातो, आणि मीटिंगमध्ये पाळक म्हणतात लोकांना कळकळ नाही! कळकळ आहे, पोराचं कॉलेज पण आहे.

वर देशपातळीवर संघटना भरपूर आहेत. राष्ट्रीय ख्रिस्ती परिषद 1914 पासून, तिचं ऑफिस नागपूरला, कॅथलिक बिशपांची परिषद 1944, इव्हँजेलिकल फेलोशिप 1951. तिघे मिळून निवेदनं पण काढतात. खाली जिल्ह्यात त्याचा उपयोग एवढाच की लेटरहेडचा नमुना मिळतो.

सेवेच्या बाबतीत मी जरा कडवट आहे. कित्येक वर्षं सोलापुरातला ख्रिस्ती माणूस मोठं ऑपरेशन असलं की मिरजेला जायचं म्हणायचा, डॉ. वॉनलेस यांनी 1894 ला उभं केलेलं हॉस्पिटल ते. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी दुसऱ्यांनी बांधलेल्यावर आपण भागवत आलो. नवीन संस्था म्हणणार समाजसेवा, पण पैसा कुठून? परदेशी देणगीचा कायदा 1976, मग 2010, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेनं दुसरीला परदेशी पैसा पुढं द्यायचाच नाही असं झालं, सगळ्यांना दिल्लीत स्टेट बँकेच्या एकाच शाखेत खातं. म्हणजे मोठ्या संस्थेनं घेऊन छोट्या मंडळीला वाटायची जुनी पद्धत बंद. राहिला आपला दशांश, म्हणजे सभासद कमाईचा दहावा भाग देतात तो. भडंग-चिवड्याच्या स्टॉलवर नाताळ मेळा निघतो, दवाखाना निघत नाही.

आमच्या मंडळीनं मागच्या वर्षी ठरवलं की एकत्र संस्थेत जायचं तर आधी आपलं घर नीट करू. मंडळीच्या जुन्या कागदांची ट्रंक उघडली. परिशिष्ट एकचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या ट्रस्टच्या नोंदीचा, उतारा काढला, त्यावर सात विश्वस्त, सातपैकी पाच वारलेले, एक पुण्याला मुलाकडं, एकाला आम्ही ओळखतच नाही. चेंज रिपोर्ट एकदाही गेलेला नाही. वकील म्हणाले आधी मृत्यूचे दाखले आणा, महापालिकेत गेलो तर तारीख सांगा म्हणाले, तारीख कुणाला पाठ? शेवटी यूथचे दोन पोरगे रविवारी उपासना झाल्यावर दफनभूमीत गेले, वाळलेलं गवत बाजूला करून, पाणी टाकून, बोटानं अक्षरं चाचपत चार थडग्यांवरच्या तारखांचे मोबाइलवर फोटो काढून आणले. पाचव्याचा दगडच सापडला नाही. चौघांचे अर्ज जन्म-मृत्यू विभागात दिलेत.