वन्यजीवशास्त्रातील उत्कृष्ट प्रकाशनांचा गौरव

वन्यजीवशास्त्र आणि वन्यजीव व्यवस्थापन या विषयांवरील ताज्या ग्रंथांतून, मोनोग्राफांतून (एकाच विषयाचा सखोल अभ्यास मांडणाऱ्या दीर्घ लेखनातून) आणि शोधनिबंधांतून सर्वांत मोलाचे लेखन निवडून त्याच्या लेखकांचा सन्मान करण्याची प्रथा. हा सन्मान एका लेखनकृतीचा असतो. आयुष्यभराच्या कामगिरीसाठीचे पुरस्कार वेगळे असतात. पुरस्कार देणाऱ्या संस्था प्रामुख्याने शास्त्रज्ञांच्या व्यावसायिक संघटना असून निवड त्याच क्षेत्रातील अभ्यासकांची समिती करते.

या प्रथेचा उगम अमेरिकेत झाला. १९३३ मध्ये अमेरिकी वन्यजीवतज्ज्ञ आल्डो लिओपोल्ड यांचा शिकारयोग्य प्राण्यांच्या व्यवस्थापनावरील ग्रंथ आला आणि त्याच वर्षी विस्कॉन्सिन विद्यापीठात ते या विषयाचे प्राध्यापक झाले. १९३७ मध्ये ‘द वाइल्डलाइफ सोसायटी’ स्थापन झाली व लगेच तिचे ‘जर्नल ऑफ वाइल्डलाइफ मॅनेजमेंट’ सुरू झाले. तोवर शिकारी, वनरक्षक आणि निसर्गप्रेमी यांच्या अनुभवावर चालणाऱ्या या कामाला पुराव्याची शिस्त लावायची होती. चांगले संशोधन कसे दिसते हे नमुन्यादाखल दाखवण्याचा एक मार्ग म्हणून सोसायटीने प्रकाशनांना पुरस्कार द्यायला सुरुवात केली. लिओपोल्ड यांच्या स्मरणार्थ १९५० पासून दिले जाणारे सोसायटीचे पदक मात्र व्यक्तीच्या एकूण कार्यासाठी आहे.

सुरुवातीच्या गौरवप्राप्त लेखनात पॉल एरिंग्टन आणि फ्रान्सेस व फ्रेडरिक हॅमरस्ट्रॉम या दांपत्याचे ग्रेट हॉर्न्ड घुबडावरील काम (१९४०) आहे. घुबडांनी ओकून टाकलेल्या हजारो गोळ्यांतील हाडे, पिसे आणि केस तपासून त्यांनी या पक्ष्याचा आहार ठरवला. त्या काळी शिकारी पक्षी आणि मांसभक्षक प्राणी मारले की माणसे ज्यांची शिकार करतात ते लाव्यांसारखे पक्षी वाढतात, अशी सार्वत्रिक समजूत होती आणि त्यासाठी सरकारी बक्षिसेही दिली जात. एरिंग्टन यांच्या अभ्यासातून निघालेले उत्तर वेगळे होते. हिवाळ्यात एखाद्या परिसरात आडोसा आणि अन्न जितक्या लाव्यांना पुरते तितके बहुतेक तगून राहतात. घुबडाच्या तोंडी प्रामुख्याने जातात ते आसरा न मिळालेले, एरवीही न टिकणारे पक्षी. म्हणजे घुबड मारण्यापेक्षा झुडपे राखणे अधिक उपयोगाचे. निरीक्षण नेटके, प्रश्न महत्त्वाचा आणि उत्तर थेट जमिनीवर वापरता येण्याजोगे, असे तिन्ही गुण या कामात एकत्र आले. या क्षेत्रातील उत्तम प्रकाशनाचा याहून चांगला नमुना दाखवणे कठीण आहे.

निवडीचे निकष संस्थेगणिक बदलतात. विचारांची किंवा संशोधनाची नवता आणि मांडणीचा दर्जा हे दोन जवळपास सर्वत्र आढळतात. वन्यजीव व्यवस्थापनात उपयुक्ततेची कसोटीही येते. पुरस्कारांचे विभाग बहुधा ग्रंथ, मोनोग्राफ आणि शोधनिबंध असे असतात. यांतील मोनोग्राफ हा प्रकार या शास्त्राला विशेष जवळचा आहे. दीर्घायुषी प्राण्यांच्या जन्ममृत्यूचा हिशेब दोन-तीन हंगामांत लागत नाही. अनेक वर्षांची नोंद आठ-दहा पानांच्या निबंधात मावत नाही आणि मावावी म्हणून ती तोडली, तर तिचा जीव जातो. ‘वाइल्डलाइफ मोनोग्राफ्स’ ही मालिका १९५८ मध्ये याच गरजेतून सुरू झाली. झटपट प्रकाशनाकडे कल असलेल्या काळात संथ, सलग कामाला स्वतंत्र विभागात मान मिळणे अत्यावश्यक आहे.

शेजारच्या परिस्थितिविज्ञानातही (इकॉलॉजी) अशी परंपरा आहे. ‘इकॉलॉजिकल सोसायटी ऑफ अमेरिका’चा जॉर्ज मर्सर पुरस्कार तरुण संशोधकाच्या उत्कृष्ट निबंधाला मिळतो. दुसऱ्या महायुद्धात मारल्या गेलेल्या एका तरुण परिस्थितिवैज्ञानिकाचे नाव त्याला दिले आहे. सूचिपर्णी झाडांवर राहणाऱ्या वॉर्बलर पक्ष्यांच्या पाच जाती झाडाचे वेगवेगळे भाग वापरतात, हे दाखवणाऱ्या रॉबर्ट मॅकआर्थर यांच्या १९५८ च्या निबंधाला तो मिळाला होता. ‘ब्रिटिश इकॉलॉजिकल सोसायटी’ आपल्या प्रत्येक प्रमुख नियतकालिकातील नवोदिताच्या सर्वोत्तम निबंधाला स्वतंत्र पारितोषिक देते. प्राण्यांच्या परिस्थितिविज्ञानासाठीचे पारितोषिक चार्ल्स एल्टन यांच्या नावाने आहे.

पद्धतीवरील लेखनाचा गौरव तुलनेने कमी बोलला जातो, पण त्याचे परिणाम खोल असतात. परिस्थितिवैज्ञानिक स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये १७६ प्रायोगिक अभ्यास तपासले, तेव्हा २७ टक्के अभ्यासांत एकच मूलभूत चूक सापडली. समजा, एक जळलेले रान आणि एक न जळलेले रान घेतले आणि प्रत्येकी वीस तुकड्यांत प्राणी मोजले. हे वीस स्वतंत्र नमुने नव्हेत. आगीचा परिणाम तपासण्यासाठी जळलेले रान एकच आहे. या निबंधाला संख्याशास्त्राच्या क्षेत्रातील स्नेडेकर पुरस्कार मिळाला. त्यानंतर क्षेत्रीय प्रयोगांची आखणी तपासताना समीक्षक हा प्रश्न विचारू लागले.

गौरवातील खरी अडचण काळाची आहे. समिती साधारणपणे अलीकडच्या लेखनाचाच विचार करते आणि वन्यजीवशास्त्रातील निष्कर्ष पारखायला दशके लागतात. ॲरिझोनातील कायबाब पठाराची गोष्ट याचे ठळक उदाहरण आहे. १९०६ मध्ये तेथे राखीव क्षेत्र झाले, भक्षक प्राणी मारले गेले आणि हरणे सुमारे ४,००० वरून १९२४ पर्यंत १,००,००० वर जाऊन उपासमारीने कोसळली, असे मांडले गेले. हा आलेख पाठ्यपुस्तकांत पोहोचला. १९७० मध्ये परिस्थितिवैज्ञानिक ग्रॅम कॉगली यांनी न्यूझीलंडमधील हिमालयीन ताहरांवर (रानशेळीसारखा प्राणी) लिहिताना जाता जाता दाखवले की मूळ आकडे एकमेकांशी जुळत नाहीत आणि मेंढ्या व गुरे कमी झाल्याचाही परिणाम असू शकतो. पुस्तकांतून गोष्ट गळू लागली. मग २००६ मध्ये ॲस्पेन झाडांची वये मोजणाऱ्या संशोधकांना त्या दशकांत रुजलेली झाडे फारच कमी आढळली. हरणांनी कोवळी रोपे खाल्ली असावीत, म्हणजे जुनी मांडणी बरीचशी खरी असावी. यांपैकी कोणत्याही टप्प्यावर दिलेला पुरस्कार चुकीचा ठरला नसता, पण अंतिमही ठरला नसता.

उपयोगालाही असाच वेळ लागतो. पट्ट्यांवरून वाघ ओळखून कॅमेरा ट्रॅपच्या (प्राणी समोरून गेला की आपोआप छायाचित्र घेणारा कॅमेरा) छायाचित्रांतून त्यांची संख्या अंदाजण्याची पद्धत वन्यजीवशास्त्रज्ञ उल्हास कारंत यांनी कर्नाटकातील नागरहोळेतील कामातून १९९५ मध्ये प्रसिद्ध केली. पावलांच्या ठशांवरची जुनी गणना सोडून भारतात राष्ट्रीय पातळीवर कॅमेरे वापरणारा पहिला अंदाज २००६ चा. या मधल्या वर्षांत त्या निबंधाचे मोल वार्षिक पुरस्काराच्या खिडकीतून पुरते दिसणे शक्य नव्हते.

निबंधाचा दर्जा नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून (त्यातील निबंध सरासरी किती वेळा उद्धृत होतात त्या आकड्यावरून) ठरवू नये, असे संशोधनाच्या मूल्यमापनावरील २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने सांगितले. वन्यजीवांबाबत हे जास्तच लागू पडते. एका दलदलीतील बेडकावरचा निबंध जगभर थोडेच उद्धृत करतील, पण त्या दलदलीचा कारभार पाहणाऱ्याला तोच हवा असतो. लेखकयादीचा प्रश्नही आहे. माग काढणारे आणि प्राण्याची सवय जाणणारे स्थानिक सहकारी पुष्कळदा आभाराच्या ओळीत उरतात आणि पुरस्कार लेखकयादीप्रमाणेच जातो. हा अन्याय आहे आणि समित्यांनी नामांकनातच त्याची विचारणा करायला हवी.

भाषेची भिंत त्याहून मोठी आहे. जैवविविधता संवर्धनाशी संबंधित २०१४ मधील ७५,००० हून अधिक वैज्ञानिक दस्तऐवजांच्या पाहणीत ३५.६ टक्के इंग्रजीखेरीज इतर भाषांतले निघाले. त्यांत स्पॅनिश, पोर्तुगीज, चिनी आणि फ्रेंच या भाषांचा वाटा मोठा होता. वर उल्लेखलेले सर्व पुरस्कार मात्र इंग्रजीत काम करणाऱ्या संस्थांचे आहेत.