पिंक फ्लॉइडच्या जुन्या टेपा आणि ५० वर्षांची मुदत

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या अधिकृतपणे न आलेल्या लाइव्ह रेकॉर्डिंगची चर्चा डिसेंबर जवळ आला की तापते. त्याचं मूळ टेपांच्या दर्जापेक्षा युरोपातल्या एका कायदेबदलात जास्त आहे. २०११ च्या युरोपीय निर्देशाने ध्वनिमुद्रणाच्या हक्कांची मुदत ५० वरून ७० वर्षांवर नेली आणि नोव्हेंबर २०१३ पासून ती लागू झाली. मेख अशी की वाढीव मुदत मिळते ती ५० वर्षांच्या आत रीतसर प्रकाशित झालेल्या मुद्रणालाच. कपाटात पडून राहिलेली टेप मुदतीनंतर हातची जाते. मुदत वर्षअखेरपर्यंत मोजतात, त्यामुळे १९७१ च्या कार्यक्रमांसाठी शेवटचा दिवस होता ३१ डिसेंबर २०२१.

त्याच डिसेंबरात काहीही गाजावाजा न करता १९७१ चे डझनभर कार्यक्रम स्ट्रीमिंगवर आले: हाम्बुर्ग, रोम, माँत्रो, सॅन डिएगो. पुढच्या डिसेंबरात १९७२ चे आणखी १८ आले. त्यातले बहुतेक प्रेक्षकांत बसून चोरून केलेले, संग्राहकांकडे वर्षानुवर्षं फिरत असलेले. काहींना तर जुन्या बूटलेगचीच, म्हणजे चोरट्या प्रतींचीच, नावं दिली होती.

वाद इथून पेटला आणि अजून मिटलेला नाही. एका बाजूचं म्हणणं असं की काहीच न येण्यापेक्षा हे बरं. निदान नोंद तरी झाली. दुसऱ्या बाजूचा आक्षेप जास्त वजनाचा आहे. बूटलेग कितीही खपला तरी कायद्याच्या लेखी ते प्रकाशन नव्हे, त्यामुळे मुदत चालूच राहते. ती वाचवायला कुठलीतरी अधिकृत प्रत बाजारात येणं पुरतं, चांगली प्रत येणं गरजेचं नसतं. परिणामी ज्या टेपेवर महिनाभर मेहनत घ्यायला हवी होती ती तशीच वर चढवली गेली आणि त्यावर ‘अधिकृत’ असा शिक्का बसला. हे कार्यक्रम नीट डागडुजी करून पुन्हा कधी येतील का, हा प्रश्न त्यानंतर कायमचा मागे लागला.

डागडुजी म्हणजे काय, हे इथे सांगायला हवं, कारण ‘साफ करा’ म्हणणं सोपं आहे. आधी मूळ कॅसेट किंवा तिच्या सर्वांत जवळची प्रत शोधायची; प्रतीवरून प्रत काढली की दर वेळी खरखर वाढते आणि वरचे स्वर झडतात. मग कॅसेट डेकच्या टेप वाचणाऱ्या हेडचा कोन जुळवायचा: दोन्ही चॅनल एकत्र करून ऐकायचे आणि झांजा सर्वांत लख्ख ऐकू येईपर्यंत स्क्रू फिरवायचा. डॉल्बी ही खरखर कमी करणारी यंत्रणा लावून मुद्रित केलेली टेप डॉल्बीशिवाय वाजवली तर कर्कश वाटते, उलट केलं तर बोथट. खरी डोकेदुखी वेगाची. रेकॉर्डरची बॅटरी उतरली की मुद्रण करताना टेप हळू सरकते आणि नंतर नेहमीच्या वेगाने वाजवली की सगळं चढ्या पट्टीत ऐकू येतं. गिटारवर भरवसा ठेवून हे दुरुस्त करता येत नाही, कारण ती कार्यक्रमात उतरते-चढते. हॅमंड ऑर्गन या विजेवरच्या वाद्याचा स्वर मात्र विजेच्या वारंवारतेला बांधलेला असतो, म्हणून जाणकार त्याच्यावरून पट्टी लावतात. शेवटी कॅसेट उलटताना निसटलेली मिनिटं त्याच रात्रीच्या दुसऱ्या टेपेतून भरायची. खरखर काढायचा अतिउत्साह केला की झांजा पाण्याखालून वाजल्यासारख्या होतात. अनेक ‘सुधारित’ प्रती इथेच फसल्या आहेत.

बँडच्या लाइव्ह मुद्रणांचा जुना इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९६९ च्या अल्बममधली बर्मिंगहॅम आणि मँचेस्टरची लाइव्ह तबकडी. फेब्रुवारी १९७२ मधला लंडनच्या रेनबो थिएटरचा कार्यक्रम, ज्याची चोरटी तबकडी ‘डार्क साइड’ अल्बम बाजारात येण्याआधीच विकली जात होती. नोव्हेंबर १९७४ चं वेम्बली, जे रेडिओसाठी मल्टिट्रॅकवर (वाद्यं वेगवेगळी नोंदणाऱ्या टेपेवर) घेतलं गेलं, २०११ मध्ये महागड्या पेटीतून आलं आणि सुटं मिळायला २०२३ उजाडलं.

१२ डिसेंबर २०२५ ला, म्हणजे मुदत संपायला १९ दिवस असताना, लॉस एंजेलिसच्या स्पोर्ट्स अरीनामधला २६ एप्रिल १९७५ चा कार्यक्रम अधिकृतपणे आला. तीही प्रेक्षकांतलीच टेप: एकेजी ४५१ मायक्रोफोन, नाकामिची ५५० कॅसेट रेकॉर्डर. ही टेप करणारा माणूस सामान आत नेण्यासाठी व्हीलचेअर वापरायचा, ही गोष्ट चाहत्यांना पाठ आहे. या वेळी मात्र टेप अनुभवी हातांकडे देऊन नीट केली होती. ‘शाइन ऑन’ हे गाणं ‘विश यू वेअर हिअर’ अल्बमच्या साडेचार महिने आधी कसं वाजत होतं आणि पुढे ‘अ‍ॅनिमल्स’मध्ये गेलेल्या दोन गाण्यांचं आधीचं रूप काय होतं, हे त्यात सापडतं. २०२१ मध्ये हेच का केलं नाही, हा सवाल त्यामुळे आणखी टोकदार झाला.

१९७६ मध्ये बँडने एकही कार्यक्रम केला नाही, त्यामुळे डिसेंबर २०२६ या हिशेबात कोरडाच आहे. नजर आहे ती ३१ डिसेंबर २०२७ वर. १९७७ च्या दौऱ्यातला एकही पूर्ण कार्यक्रम अधिकृतपणे आलेला नाही. संग्राहकांची पहिली मागणी कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या ९ मेची, कारण ‘केअरफुल विथ दॅट अ‍ॅक्स, युजीन’ बँडने शेवटचं वाजवलं ते त्या रात्री. संग्राहकांत फिरते ती त्या रात्रीची टेपही प्रेक्षकांतलीच आहे.